आईचं बाळंतपण आणि माझा निर्णय
मूल हवंय का असं कुणी विचारलं की मी बघू म्हणते, आणि लोकांना वाटतं की करिअर किंवा पैशांचा विषय असेल. तसं काही नाहीये, मुलं मला मनापासून आवडतात. भीती वाटते ती आमच्या घरातल्या बायकांचं बाळंतपणानंतर जे झालं त्याची.

माझ्या जन्मानंतर आईचं काय झालं हे मला मावशीने सांगितलं, तेही माझं लग्न झाल्यावर. म्हणाली, तू भुकेने रडून लाल व्हायचीस, ताईचं ब्लाऊज दुधाने भिजलेलं असायचं आणि ती आपली भिंतीकडे बघत बसलेली, आम्हीच तुला उचलून तिच्या मांडीवर द्यायचो. कित्येक महिने असं चाललं, आणि डॉक्टरकडे कुणी नेलं नाही. आजीबद्दल तर "बाळंतपणात डोक्यावर परिणाम झाला" एवढंच एक वाक्य, पुढे विषय बंद.

मग मीच सायकियाट्रिस्टना जाऊन भेटले, प्रेग्नंट नसताना. त्या म्हणाल्या, पोस्टपार्टम डिप्रेशन, म्हणजे बाळंतपणानंतर येणारं डिप्रेशन, साधारण सात-आठ बायकांमागे एकीला होतं, घरात मानसिक आजाराची हिस्टरी असेल तर शक्यता जवळपास दुप्पट. पण दुप्पट म्हणजे होणारच असं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पहिल्या दोन आठवड्यांत रडू येणं, मूड जाणं खूप जणींना होतं, ते बहुतेक आपोआप ओसरतं, त्यापुढे टिकलं तर वाट बघत थांबायचं नाही, डॉक्टरकडे जायचं. हे ओळखायला १० प्रश्नांची एक टेस्ट असते, १९८७ पासून वापरात आहे, ती प्रेग्नन्सीतही देता येते. अंगावर पाजताना चालतील अशी औषधंही आहेत. हे सगळं ऐकून मला आधी आईचाच राग आला आणि मग तिच्यासाठी इतकं वाईट वाटलं, कारण तिला यातलं कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

गेल्या महिन्यात हिंमत करून तिलाच विचारलं, तेव्हा तुला काय हवं होतं गं? बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, झोप. आणि मी वाईट आई नाहीये असं कुणीतरी म्हणायला हवं होतं.

निर्णय अजून झालेला नाही, कुणी घाई केली तर मी स्पष्ट सांगते की नाही झालाय. नवऱ्याला मात्र सांगून ठेवलंय, झालंच तर रात्रीचं एक फीड तुझं, आणि मी गप्प गप्प दिसले तर मला न विचारता अपॉइंटमेंट घ्यायची.