जावा ८ आणि ११, दोन्हींवर एकच रिलीज: माझा अनुभव

आमचं प्रॉडक्ट ओएसजीआय बंडल्समध्ये, म्हणजे एकमेकांना पॅकेजेस देणाऱ्या-घेणाऱ्या स्वतंत्र भागांमध्ये, विभागलेलं आहे आणि ते भाग जोडून चालवणाऱ्या अपाचे फेलिक्सवर चालतं. काही ग्राहक जावा ८ वर, काही ११ वर. दोघांना एकच रिलीज द्यायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं.

अडचण जॅक्सबीची, म्हणजे जावा ऑब्जेक्ट आणि एक्सएमएल यांची अदलाबदल करणाऱ्या लायब्ररीची होती. जावा ६ पासून ते जेडीकेमध्येच (जावाच्या डेव्हलपमेंट किटमध्ये) यायचं, त्यामुळे डिपेंडन्सी (बाहेरून घ्यायची लायब्ररी) म्हणून कुणी ते कधी लिहिलंच नव्हतं. सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ मधून ते काढलं गेलं, सोबत जॅक्स-डब्ल्यूएस (वेब सर्व्हिसेससाठी) आणि कोर्बाही (प्रोग्राममधल्या संवादासाठी).

टीममधून पहिली सूचना आली मेव्हन प्रोफाइलची, म्हणजे बिल्ड टूलमधल्या अटीवर चालणाऱ्या सेटिंगची: जेडीके ११ असेल तरच जॅक्सबी घ्या. मी ती मान्य केली नाही. प्रोफाइल बघतं ते बिल्ड मशीनवरचं जेडीके. ग्राहकाच्या सर्व्हरवर काय आहे, ते त्याला कुठून कळणार? त्यात जेडीके ११ च्या कंपायलरला ‘रिलीज ८’ सांगितलं, की तो जावा ८ ची एपीआय यादी (त्यात उपलब्ध असलेले क्लासेस) समोर धरतो. जॅक्सबी त्यात सापडतं, बिल्ड पास होते आणि जावा ११ वरचा सर्व्हर सुरू करताना क्लास सापडत नाही.

मग जेडीके ११ मधलं जेडेप्स (कोड कशावर अवलंबून आहे ते दाखवणारं टूल) सगळ्या जारवर (जावाच्या पॅकबंद फाइलींवर) चालवलं. जिथे ‘नॉट फाउंड’ दिसलं, तेवढंच बघायचं. बऱ्याच ठिकाणी जॅक्सबीतला डेटाटाइपकन्व्हर्टर निव्वळ बेस६४ साठी (बायनरी डेटा मजकुरात बदलण्यासाठी) वापरला होता. जावा ८ पासून जावा.युटिलमध्ये बेस६४ आहेच, तो वापरला आणि तिथली डिपेंडन्सीच संपली.

उरलेल्यांसाठी जॅक्सबी २.३ चं बंडल दिलं. ११ वर सुरळीत चाललं. ८ वर मात्र क्लासकास्ट एक्सेप्शन (एक ऑब्जेक्ट अपेक्षित प्रकारचा मानता न आल्याची एरर): जॅक्सबीकॉन्टेक्स्टला जॅक्सबीकॉन्टेक्स्टमध्येच कास्ट करता येईना! कारण ८ वर तेच पॅकेज सिस्टिम बंडलही (फेलिक्सचं स्वतःचं, जेडीकेतली पॅकेजेस पुढे देणारं) एक्स्पोर्ट करतं. ज्यांनी इम्पोर्टमध्ये आवृत्ती लिहिली नव्हती, त्यांना सिस्टिम बंडलचं पॅकेज मिळत होतं, कारण ते आधीच रिझॉल्व्ह झालेलं (जोडणी ठरलेलं) असतं. ज्यांनी २.३ लिहिलं होतं, त्यांना आमचं. नाव एक, क्लास दोन.

उपाय मला अजूनही फार आवडतो: रनटाइमची आवृत्ती विचारायचीच नाही. आमच्या लाँचरमध्ये सिस्टिम पॅकेजेसची यादी आम्ही स्वतः लिहून दिली आणि त्यातून जॅक्सबी वगळलं. बूट डेलिगेशनमधूनही (जेडीकेकडून थेट घ्यायच्या पॅकेजेसच्या यादीतूनही) काढलं. आता जावा ८ असो की ११, जॅक्सबी आमच्याच बंडलमधून येतं. इम्पोर्टमध्ये आवृत्तीची मर्यादा लिहिणं टीममध्ये सक्तीचं केलं आणि प्रत्येक बिल्डनंतर तेच जार दोन्ही आवृत्त्यांच्या जेव्हीएमवर (जावा प्रोग्राम चालवणाऱ्या इंजिनवर) सुरू करून तपासतो.

२.३ वरच थांबलो, कारण ३.० पासून पॅकेजचं नाव जावाएक्सऐवजी जकार्ता होतं आणि आमची काही थर्ड-पार्टी जार अजून जुनंच नाव वापरतात. ती बदलली, की पुढचं पाऊल.