शैक्षणिक कर्जाचे व्याज आणि कलम ८०ई

परवा इंदूरच्या रामबागेतील आमच्या घरी बँकेचा व्याजाचा दाखला समोर ठेवून लेक आणि मी हिशेब करत बसलो होतो. तिच्या एम.टेक.साठीचे कर्ज मी माझ्या नावावर घेतले असून हप्ताही माझ्याच पगारातून जातो. त्यामुळे आयकर अधिनियम, १९६१ (३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाला लागू असलेला कायदा) च्या कलम ८०ई खालील करपात्र उत्पन्नातली वजावट मला मिळते, तिला नव्हे. दाखल्यावर मुद्दल आणि व्याजाचे रकाने वेगळे असतात. वजावट केवळ त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेल्या व्याजाची, मात्र तिला कमाल मर्यादा नाही.

कर्ज बँकेचे, अधिसूचित वित्तीय संस्थेचे किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचे असावे लागते. अडचणीच्या वेळी मेहुण्यांनी दिलेल्या रकमेवर मी नियमित व्याज देतो, तरी ते यात बसत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. शिक्षण स्वतःचे, जोडीदाराचे, मुलांचे किंवा आपण कायदेशीर पालक असलेल्या विद्यार्थ्याचे हवे. धाकट्या भावाची फी भरणाऱ्या थोरल्याला हा लाभ नाही.

व्याज प्रथम भरले त्या वर्षापासून जास्तीत जास्त आठ वर्षे ही सवलत मिळते, म्हणून शिक्षण चालू असतानाच व्याज भरू लागणाऱ्यांची मोजणीही तेव्हापासूनच होते. नवीन करप्रणालीत ही वजावट नाही. दोन्ही प्रणालींचा कर मांडून पाहिल्यावरच आम्ही यंदा जुनी निवडली.