मुंबई ते लंडन: अंतर आणि वेळ

आज हाच हिशेब करत होतो. अंतर सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका. पृथ्वी गोल आहे. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन गोलावरचं सर्वांत कमी अंतर काढलं की साधारण 7,200 किलोमीटर येतं. ताशी 900 ने भागलं की 8 तास. टॅक्सीइंग (विमान जमिनीवर चालवत नेणं), चढण, उतरण यांचा अर्धा-पाऊण तास वेगळा. शिवाय जाताना जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा, समोरून येतो, म्हणून परतीपेक्षा जास्त वेळ लागतो. एखादी हवाई हद्द बंद असली तर वळसाही आलाच.

खरी गफलत तिकिटावरच्या वेळांत होते, कारण त्या स्थानिक असतात. हिवाळ्यात लंडन साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. दुपारी 1 ला निघून संध्याकाळी 5:30 ला पोहोचलात, तर हिवाळ्यात प्रवास 10 तासांचा.