पेपर खालून वर

राज्यशास्त्रात मानवी हक्कांचा भाग आला की मी ठरलेल्या वाटेनं जातो. १० डिसेंबर १९४८, संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा, ३० कलमं. त्यातल्या २९ व्या कलमात समाजाप्रती कर्तव्यांचा उल्लेख आहे, तो धरून आपल्या संविधानाच्या कलम ५१ क वर, म्हणजे मूलभूत कर्तव्यांवर यायचं. १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीनं दहा कर्तव्यं आली, अकरावं २००२ साली ८६ व्यानं. वहीत उतरवा, परीक्षेला येतं. खरं सांगायचं तर कर्तव्य हा शब्द आम्ही शिक्षक बहुतेक वेळा 'गप्प बसा' म्हणायच्या ऐवजी वापरतो. पोरगं हक्काचं बोललं रे बोललं, की आमचं कर्तव्य बाहेर निघतं.

त्या दिवशी नववी ब मधली एक मुलगी परिपाठाला आली नाही. मुलींच्या खोलीत दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री तिच्या फोटोचं स्टिकर फिरलं होतं. स्नेहसंमेलनात जांभई देतानाचा फोटो, त्यावर लाल अक्षरात '४/२०'. सकाळपर्यंत 'गुड नाइट'च्या जागी पोरं तेच टाकत होती.

जेवणाच्या सुट्टीनंतर माझा तास. कुणी केलं विचारल्यावर बराच वेळ कुणी हललं नाही. मग शेवटच्या बाकावरचा एक उठला. चेहऱ्यावर भीती कमी, हुशारी जास्त. "सर, भाषणस्वातंत्र्य. कलम १९. तुम्हीच शिकवलंत."

वर्ग हसला. हसू मलाही आलं, ते मी दाबलं. १९ (२) मधली वाजवी बंधनं सांगितली, अब्रुनुकसानी सांगितली. त्यानं मान डोलावली, पण ती पाठांतराला डोलावतात तशी.

म्हणून मी महाडच्या सत्याग्रहाकडे वळलो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ सालीच झाला होता. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन तिथं पाणी प्यायला जावं लागलं, आणि नंतर त्या माणसांनी मारही खाल्ला. "मधली तीन वर्षं हक्क कागदावर होता ना? मग अडवत कोण होतं?"

"सरकार," एक जण सवयीनं बोलला.

"सरकारनं तर ठराव केलेला. गावातलीच माणसं," खिडकीजवळून कुणीतरी.

मला हवं होतं ते उत्तर आलं. आता गाडी स्टिकरवर आणायची आणि तास संपवायचा, असा माझा बेत. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. स्टिकरवरच्या मुलीची मैत्रीण. "सर, तिला चार मार्क पडलेत हे ह्याला कुठून कळलं?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता. सगळेच माझ्याकडे बघत होते.

चाचणीचे पेपर मी खालून वर वाटतो. सगळ्यात कमी मार्कवाल्याचं नाव पहिलं, मोठ्यानं, मार्कांसकट. माझ्या सरांनी आम्हाला असेच वाटले होते. लाजेनं तरी अभ्यासाला लागतात, असा हिशोब. त्या आठवड्यात पहिलं नाव तिचं होतं.

शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) १७ व्या कलमात मानसिक छळालाही मनाई आहे, हे मला पाठ आहे. तो कायदा चौदा वर्षांपर्यंतचा, नववीतली बरीच पोरं त्यापुढची, असं एक वकिली उत्तर डोक्यात येऊनही गेलं. त्या क्षणी स्वतःचीच शिसारी आली.

"मी सांगितलं," मी म्हणालो. "चूक झाली."

एवढी शांतता त्या वर्गात मी कधी ऐकली नव्हती. मग एकानं पुस्तक उघडून पहिल्या पानांवरची प्रतिज्ञा काढली. "सर, 'गुरुजनांचा मान ठेवीन'च्या पुढं 'प्रत्येकाशी सौजन्याने वागेन' पण आहे." रोज सकाळी पोरं हे म्हणतात आणि मी शेजारी हाताची घडी घालून उभा असतो.

शेवटच्या तासाला मुलगी वर्गात आली. सगळ्यांसमोर माफी वगैरे तिला नको होती. "ज्यांनी ज्यांनी सेव्ह केलंय त्यांनी काढा," एवढंच म्हणाली. स्टिकर करणारा म्हणाला, "मी ग्रुपवरून डिलीट केलं, पण ह्यांच्या फोनमधलं मी कसं काढू?" त्याचा प्रश्न रास्त होता. त्याच्याकडे बोट दाखवणारे तीसेक जण तेव्हा बाकाखाली बघायला लागले. कुणी काढलं, कुणी नाही, मी तपासलं नाही. फोन घरी होते, आणि ते तपासायचं काम माझंही नव्हतं.

पुढच्या चाचणीचे पेपर मी दुमडून, हजेरी क्रमांकानं वाटले. मार्क आतल्या पानावर. दहा मिनिटं जास्त गेली. तरी मागून आवाज आलाच, "सर, सगळ्यात कमी कुणाला?"

मी तोंड उघडायच्या आत पहिल्या बाकावरची मागं वळली. "तुला काय करायचंय?"