जुनी गाडी वाटेत बंद पडली तर?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पेट्रोल पंपावरचा पोरगा, सोसायटीचा वॉचमन, बायकोकडचे पाहुणे, सगळ्यांचा प्रश्न हाच.

पडते की!

दसरा झाला की एखाद्या रविवारी आम्ही तिघे ठाण्याहून माळशेजला जातो. माझी प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यातली, दुसऱ्याची हेराल्ड मद्रासच्या स्टँडर्डची, तिसऱ्याची अँबेसेडर बंगालमधल्या उत्तरपाड्याची. ती तेवढी 2014पर्यंत तग धरून होती. आता तिघींनाही माहेर नाही. पहाटे माजिवड्याहून निघायचं, दुर्गाडीचा पूल गर्दीआधी ओलांडायचा. रायत्याला उल्हास नदी लागते तोवर उजाडतं. पुढे दोन्ही बाजूंना पिकलेलं भात, आणि स्टीअरिंगला लागून असलेल्या हँडल गिअरवर साठच्या आत चाललेली गाडी. काचा खाली, त्यामुळे शेताचा वास थेट आत.

सरळगाव सोडलं की ऊन चढतं. तिथेच एकदा पद्मिनी आचके देत थांबली. दुखणं ठरलेलं, एसी पंप. (नावाने हुरळू नका, गार हवेशी त्याचा संबंध नाही. इंजिनाला चिकटलेला पेट्रोलचा पंप तो.) इंजिन तापलं की आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ काही त्याला ओढता येत नाही. पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि गप्प बसायचं. अशा वेळी हेराल्डवाला भाव खातो. तिचं मडगार्डांसकट अख्खं तोंड पुढे उलटतं, त्यामुळे हा पुढच्या चाकावर ऐटीत बसून पाना फिरवतो. मी मात्र बॉनेटखाली कमरेत वाकलेला.

समोरच्या टपरीवरून एक काका उठून आले. मुंबईत तीस वर्षं काळीपिवळी चालवलेले. 2023च्या ऑक्टोबरात पद्मिनी टॅक्सी मुंबईतून कायमची गेली, त्याच्या कितीतरी आधी ते गावी परतले होते. त्यांनी पंपाला बोट लावलं, माझ्याकडे पाहिलं.

“फडकं घरूनच बांधून निघायचं ना, शेठ. आम्ही भाडं बसवून फडकी भिजवत बसलो असतो, तर पोरं शिकली असती का?”

तेव्हापासून मी माजिवड्यालाच बांधतो. तरी पुढच्या खेपेला टोकावड्याला पडलीच.

तेव्हा पंप नव्हे, ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेतला कंडेन्सर होता.