जंतू मेले, मग औषध का नाही?

लग्नात पंगतीला बसलं की शेजारचं कुणीतरी हमखास विचारतं, "तुमच्या लॅबमध्ये नवं अँटिबायोटिक जंतू मारतं म्हणता, मग ते दुकानात का दिसत नाही?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

जंतू तर फिनाईलनेही मरतात. आम्ही बघतो ते किती कमी औषधात थांबतात. तळहाताएवढी प्लेट घ्यायची, तिच्यात ९६ छोटे खळगे असतात, त्यांना 'वेल' म्हणतात. पहिल्या वेलमध्ये मिलीलिटरला ६४ मायक्रोग्रॅम औषध, पुढे ३२, मग १६, असं निम्म्यानिम्म्याने उतरायचं. प्रत्येकात मिलीलिटरला साधारण ५ लाख जंतू सोडायचे आणि प्लेट रात्रभर ३५ अंशांवर ठेवायची. सकाळी ती काळ्या कागदावर धरून वाचायची. जंतू वाढले असतील तिथे तळाशी पांढरं बटण बसतं, किंवा वेल गढूळ होते. थांबले असतील तिथे नितळ. सगळ्यात कमी औषधाची जी वेल नितळ, तिच्यातलं औषधाचं प्रमाण म्हणजे एमआयसी, जंतू थांबवणारं किमान प्रमाण.

नितळ म्हणजे मेले असं नव्हे हं. त्यातला थेंब औषध नसलेल्या आगरवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, पसरला की कधीकधी दुसऱ्या दिवशी जंतूंच्या कॉलन्या हजर!

एकदा एक कंपाउंड इतकं झकास निघालं की लॅबभर चहा फिरला. मग कंट्रोलची, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेली, ओळ पाहिली. एटीसीसी २५९२२ या तपासणीसाठी ठरलेल्या ई. कोलाय जंतूवर ॲम्पिसिलिन या जुन्या औषधाची एमआयसी २ ते ८ मध्ये यायलाच हवी, आली ०.५. जंतू मीच कमी घातले होते, म्हणून थोड्या औषधातही थांबलेले दिसले. चहाचे पैसेही मीच दिले.

नेहमीचं दुखणं वेगळंच. पू करणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियसवर औषध २ ला चालतं, आणि लघवीच्या संसर्गातल्या ई. कोलायवर ६४ लाही ढिम्म. त्याला बाहेरून आणखी एक आवरण असतं, शिवाय आत शिरलेलं औषध उपसून टाकणारे पंप. स्यूडोमोनास हा जंतू तर त्याहून चिवट.

एवढ्यातून तरलं तरी पुढे प्राणी, मग माणसं. वोक्हार्टचं न्यूमोनियावरचं नॅफिथ्रोमायसिन नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालं, दिवसाला एक असं तीनच दिवस घ्यायचं. त्यामागे १४ वर्षांचं काम होतं.

आमचं सध्याचं कंपाउंड सीरमपाशी, म्हणजे रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या द्रवापाशी, अडलंय. रक्तातली प्रथिनं त्याला धरून ठेवतात. जंतू वाढवायच्या साध्या द्रवात, ब्रॉथमध्ये, एमआयसी २, सीरम घातलं की ३२.