बेसमेंटमधले तीन आठवडे

मार्च 2025. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आमच्या टॅक्स रिटर्न भरून देणाऱ्या ऑफिसात आलेल्या बाईंनी 2024च्या रिटर्नसाठीच्या माहितीपत्रकावर घरूनच ‘सिंगल’पुढे टिक करून आणली होती. नवरा एप्रिलपासून वेगळा राहतो, वकील लावलाय, मग सिंगलच ना?

नाही. अमेरिकेत 31 डिसेंबरला तुम्ही जे असाल, तेच अख्ख्या वर्षासाठी. तोवर घटस्फोटाचा किंवा कायदेशीर विभक्ततेचा कोर्टाचा हुकूम झाला नसेल, तर करखात्याच्या लेखी लग्न शाबूत. भारतात नवरा-बायको आपापलं रिटर्न भरतात, त्यामुळे आपल्याकडच्यांना हे पटकन पटत नाही.

एक पळवाट मात्र आहे, हेड ऑफ हाउसहोल्डची, म्हणजे एकट्याने घर चालवणाऱ्यांसाठीच्या कमी कराच्या दर्जाची. मूल निम्म्याहून जास्त वर्ष तुमच्याकडे हवं, घरखर्च निम्म्याहून जास्त तुम्ही केलेला हवा, आणि शेवटचे सहा महिने जोडीदार त्या घरात राहिलेला नको. मुलगी आईकडेच होती. भाडं, किराणा, वीजबिल, सगळं आईच्या खात्यातून. जमलंच म्हणायचं. तरी फॉर्म 8867साठी, म्हणजे रिटर्न बनवणाऱ्याने नीट चौकशी केल्याच्या फॉर्मसाठी, मला विचारावंच लागतं, “जुलैपासून ते एकदाही राहायला आले नाहीत ना?”

“सप्टेंबरमध्ये त्याचं लीज संपलं होतं, तेव्हा तीन आठवडे होता. पण बेसमेंटमध्ये हो! वर जेवायलासुद्धा आला नाही.”

बेसमेंट त्याच घराचं. खोल्या वेगळ्या असून भागत नाही, छप्पर वेगळं लागतं.

पगार 85,000 डॉलर. हेड ऑफ हाउसहोल्ड म्हणून स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून मिळणारी ठरावीक वजावट, 21,900 आणि कर साधारण 7,240. मॅरिड फायलिंग सेपरेटलीत, म्हणजे लग्न कायम पण रिटर्न वेगळं, डिडक्शन 14,600 आणि कर 10,540. म्हणजे 3,300चा फटका, वर डे-केअरचं क्रेडिट, म्हणजे करातली थेट सूट, गेलं ते वेगळंच. चाइल्ड टॅक्स क्रेडिटचे 2,000 तेवढे राहिले.

“मग नवऱ्यासोबत जॉइंट भरू?” भरता येतं, पण त्याच्या चुकीची वसुलीही तुमच्याकडून होऊ शकते. शिवाय सेपरेटचं जॉइंट तीन वर्षांत 1040-एक्स या दुरुस्तीच्या फॉर्मने करता येतं; जॉइंटचं सेपरेट मात्र रिटर्नची मुदत संपल्यावर नाही. म्हणून आधी सेपरेट भरा, असं मी सांगत होतो, तेवढ्यात खरी मेख आठवली. नवऱ्याने सेपरेट भरताना आयटमाइज केलं असेल, म्हणजे ठरावीक वजावटीऐवजी एकेक खर्च मोजून वजावट घेतली असेल, तर बाईंचं स्टँडर्ड डिडक्शन शून्य.

सहा महिने न बोललेल्या माणसाला त्यांनी तिथेच मेसेज टाकला: “स्टँडर्ड घेतलंस की आयटमाइज?”